निळा ठिपका

औषधांच्या दुकानात एकाच काउंटरमागे अडतीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला लोक फार तर काका म्हणतात. या काकांना मात्र सगळा बाजार ठिपकेकाका म्हणायचा, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या हातानं मिळवलेलं होतं.

त्याचं असं झालं. औषधाच्या प्रत्येक खोक्यात पातळ कागदाची एक घडी असते आणि तिच्यावर डोळे फुटतील इतक्या बारीक अक्षरांत काय काय छापलेलं असतं. दुकानातले बाकीचे लोक त्या घडीनं काउंटरची काच पुसत. काका मात्र दुपारी गिऱ्हाईक नसलं की भिंग घेऊन ती वाचत बसायचे. औषध पोटात गेल्यावर त्याचं पुढं काय होतं आणि ते कुठल्या वाटेनं शरीराबाहेर पडतं, हेही त्यात लिहिलेलं असतं, असा शोध त्यांना एका दुपारी लागला आणि माणूस हरखून गेला. काही औषधं किडनी गाळून बाहेर टाकते, काहींची लिव्हर मोडतोड करून निकाल लावते. दुसऱ्या दिवसापासून काकांनी खोक्यांवर आणि पट्ट्यांवर ठिपके द्यायला सुरुवात केली. किडनीवाल्या औषधाला लाल, लिव्हरवाल्याला निळा. मालक आधी वैतागले. पण किडनी अधू झालेल्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या चिठ्ठीत लाल ठिपक्याचं औषध निघालं, काकांनी पट्टी कापायच्या आधी डॉक्टरांना फोन केला आणि डॉक्टरांनी डोस कमी करून वर त्यांचे आभार मानले, तेव्हापासून मालकांनी लाल-निळी पेनं दुकानाच्या खर्चात घालून टाकली. असं पाचसात वेळा झालं. अशानं माणूस थोडा फुगतो. काकाही फुगले. फार नाही, पण फुगले.

दुकानाच्या समोर बसस्टँड होता, आणि काकांच्या आयुष्यातली दुसरी मोठी गोष्ट तिथून आली. ती आधी कानावर आली, नजरेला पडली दोन वर्षांनी. स्टँडवरच्या कर्ण्यातून गाड्यांची घोषणा करणारा एक बाईचा आवाज होता. खणखणीत, पण कुठंही टोचणारा नाही. गाडी दोन तास उशिरा येणार हेसुद्धा त्या आवाजात ऐकलं की लोक मुकाट्यानं बाकावर टेकत. काका त्या आवाजावर घड्याळ लावायचे, डबा खायचे, दुकानाची फळी टाकायचे. मग एके दिवशी एक सावळी, ठेंगणी मुलगी काउंटरवर आली आणि म्हणाली, "घसा बसलाय, काहीतरी द्या." खरोखरच बसलेला होता, तरीही काकांनी आवाज ओळखला. त्यांनी तिला घशाच्या गोळ्या दिल्या आणि स्वतः तीन दिवस बेचैन राहिले, कारण तीन दिवस कर्ण्यातून कुणीतरी पुरुष ओरडत होता. पुढचं सांगायला नको. वर्षाच्या आत लग्न झालं.

घरात त्या बाईंनी नोकरी कधी सोडलीच नाही. "चहा टेबल क्रमांक एकवर लागत आहे," अशी घोषणा स्वयंपाकघरातून व्हायची. लेक लहानपणी अंघोळीला टंगळमंगळ करायची तेव्हा "ही शेवटची सूचना आहे" असं बजावलं जायचं. भांडणसुद्धा त्याच चालीत. नवऱ्याला घरी यायला उशीर झाला की त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल?" आणि पुढचं 'दिलगीर आहोत' काकांनी म्हणायचं, त्याशिवाय घरात प्रवेश नाही. लेकीचं लग्न झालं, ती लांब गेली. बाईंचं निवृत्तीचं वय झालं. स्टँडवर मशीन आलं आणि कापलेल्या शब्दांचे तुकडे जोडून बोलायला लागलं. एकोणतीस वर्षांत त्यांचा आवाज कुणी टेपवर धरून ठेवला नव्हता. रोज फुकट ऐकू येणारी गोष्ट कशाला कोण जपून ठेवतो.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या पायांना सूज आली, तोंडाची चव गेली, आणि तपासण्यांत दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निघालं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. चार तास खुर्चीत, हातात दोन सुया, रक्त बाहेर मशीनमध्ये जाऊन धुऊन परत येतंय. पहिल्या महिन्यात त्या घाबरल्या, दुसऱ्या महिन्यात रुळल्या आणि तिसऱ्या महिन्यात तिथंही सुरू झाल्या. "खुर्ची क्रमांक चार, आपली सुटण्याची वेळ झालेली आहे." सगळा वॉर्ड हसायचा. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर, ज्या सहसा हसत नसत, त्या पाठ फिरवून हसायच्या.

मग खाज आणि पायांची तळमळ सुरू झाली. किडनीच्या रोग्यांना ती होते. आडवं पडलं की पाय जागेवर राहीनात, झोप येईना. किडनीच्या डॉक्टर मॅडमनी एक गोळी लिहून दिली. रोज संध्याकाळी अर्धी. काकांनी ती कात्रीनं नीट अर्धी करून चार दिवस दिली. थोडा आराम पडला, पण थोडाच.

पाचव्या दिवशी काकांनी पट्टी उलटी करून पाहिली. तिच्यावर त्यांच्याच हातचा ठिपका होता. निळा.

त्यांना हसूच आलं. मॅडम तरुण आहेत, किडनीचा पेशंट दिसला की सगळ्याच गोळ्या निम्म्या करत असणार. किडनीवाल्या गोळीला ते बरोबर आहे, पण ही तर लिव्हरच्या वाटेनं जाते. आणि हिची लिव्हर ठणठणीत आहे, मागच्या महिन्याचा रिपोर्ट फाइलमध्येच आहे, सगळे आकडे जिथल्या तिथं. मग बायकोनं तळमळत का पडायचं? अडतीस वर्षांचा अनुभव काय पाण्यात गेलाय? काकांनी कात्री बाजूला ठेवली आणि पूर्ण गोळी दिली. त्या संध्याकाळी बाई शांत झोपल्या. नवरा शेजारी बसून बराच वेळ त्यांचे न हलणारे पाय बघत राहिला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिला.

पुढं जे झालं ते एकदम झालं नाही, म्हणून तर कळलं नाही. आधी चहाची घोषणा बंद झाली. मग दुपारची झोप लांबली. मग बोलता बोलता शब्द अर्ध्यावर सुटायला लागले, जसा घास हातातून सुटावा. महिन्याभरात बाई दिवसातले सोळासतरा तास झोपू लागल्या आणि जाग्या असताना नुसतं 'हूं' म्हणू लागल्या. जेवण भरवावं लागायचं. चावता चावता डोळे मिटायचे.

मॅडमनी विचारलं, "गोळ्या नीट चालू आहेत ना?"

"एकही चुकलेली नाही," काका म्हणाले. आणि ते खरंच होतं.

मॅडमनी रक्त तपासलं, डायलिसिसची वेळ वाढवली, डोक्याचा फोटो काढवला. कशातच काही निघेना. शेवटी काकांनी मनाशी ठरवून टाकलं की आजारच पुढं सरकलाय, ही आता अशीच राहणार. लेकीचा दर रविवारी फोन यायचा. "बाबा, आईला दे ना," असं ती म्हणायची. काका फोन बायकोच्या कानाशी धरायचे. तिकडून लेक बोलत राहायची आणि इकडून एक 'हूं' जायचा.  फोन परत घेऊन काका हवापाण्याचं विचारायचे.

माणूस समोर असताना त्याची आठवण येणं ही फार वाईट गोष्ट आहे. मेलेल्या माणसासाठी रडायची निदान सोय असते. काकांना बायकोची आठवण तिच्याच उशाशी बसून यायची. तिचं टोमणे मारणं, मध्येच तोडून बोलणं, 'तुम्हाला काही कळत नाही' हे दिवसातून चारदा सांगणं, सगळं हवंहवंसं व्हायचं. पूर्वी दुकानातून येताना ते मनात म्हणायचे, आता गेलो की हिची टकळी सुरू होईल. आता त्या टकळीसाठी ते काहीही द्यायला तयार होते. एकदा दुपारी ते नुसतेच समोरच्या स्टँडवर जाऊन बाकावर बसले. वर कर्णा तोच होता. त्यातून मशीन बोललं, "फलाट. क्रमांक. दोन." तीन शब्द, तीन वेगळ्या दिवशी उच्चारल्यासारखे. काका उठून आले.

मग त्यांनी एक उद्योग सुरू केला. रोज सकाळी बायकोचं तोंड पुसून झालं की ते तिच्या कानाशी वाकून जुन्या वेळापत्रकातल्या गाड्या म्हणायचे. "सहा वाजून वीस मिनिटांनी सुटणारी, पुलावरून जाणारी गाडी, फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." मग सहा-चाळीसची, मग सातची. दोन वर्षं कान देऊन ऐकलेलं होतं, अजून पाठ होतं. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कधी कधी तिच्या पापण्या हलल्याचा भास व्हायचा. दोन दिवस डायलिसिस नसलं की मग काहीच नाही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

अर्थ लागला तो मोठ्या सिस्टरमुळं. एका सोमवारी त्यांनी सगळ्या नातेवाइकांना घरातल्या गोळ्यांची पिशवी जशी असेल तशी घेऊन यायला सांगितलं. काकांची पिशवी पाहून वॉर्डातल्या पोरी थक्क झाल्या. प्रत्येक औषधाची वेगळी डबी, डबीवर वेळ, वेळेखाली ठिपका. सिस्टरनी एकेक डबी उघडली, आत पाहिलं, बंद केली. संध्याकाळच्या डबीपाशी त्या थांबल्या. ती त्यांनी तळहातावर उपडी केली.

"काका, ही अर्धी आहे ना?"

"हो, म्हणजे लिहिलीय अर्धी."

"अर्धी गोळी घेणाऱ्याच्या डबीत उरलेली अर्धी असते. निदान चुरा तरी असतो. तुमच्या सगळ्या गोल आहेत."

 काकांनी ठिपक्याचं सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगताच त्यांचा आवाज खाली खाली जायला लागला, कारण सिस्टर ऐकत नव्हत्या. त्या मॅडमना बोलवायला निघाल्या होत्या.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टूल ओढून काकांसमोर बसल्या.

"काका, निळा ठिपका चुकीचा नाही. ही गोळी लिव्हरच मोडते. पण किडनी बंद पडली की जी घाण रक्तात साचते, ती सगळ्या अंगभर फिरते. लिव्हरमध्येही जाते. औषधं मोडायला लिव्हरकडे जी रसायनं असतात, ती त्या घाणीमुळं कमी तयार होतात, आणि जी असतात ती अडकून बसतात. लिव्हर आजारी नसते, पण मंदावते. म्हणून गोळी मोडायला फार वेळ लागतो."

"पण मॅडम, लिव्हरचा रिपोर्ट चांगला आहे. आणि डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी हिच्या पापण्या हलल्याचा भास होतो, तो कसला?"

"त्या रिपोर्टात लिव्हरला इजा झालीय का ते कळतं. ती औषध किती वेगानं मोडते ते त्यात नसतं. डायलिसिसनं रक्त साफ झालं की तिला जरा हुरूप येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी आईंच्या पापण्या हलतात. तो भास नव्हता."

काकांनी खुर्ची क्रमांक चारकडे पाहिलं. बाई मान एका बाजूला टाकून झोपलेल्या होत्या. सगळं प्रकरण त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. कालची गाडी अजून फलाटावरच उभी, तिच्या मागं आजची, आजच्या मागं उद्याची. आणि त्या गाड्या आत आणून लावत होते ते स्वतः, रोज संध्याकाळी, पाण्याच्या पेल्याबरोबर.

"किती दिवस?" मॅडमनी विचारलं.

"चार महिने होत आले."

गोळी आठवडाभर अर्धीवर आणून मग बंद करायची असं ठरलं. पायांच्या तळमळीला मॅडमनी दुसरा उपाय सांगितला, संध्याकाळी पोटऱ्या चोळून द्यायच्या. काका चोळायचे. हात भरून यायचे, तरी चोळायचे. दुकानात गेले की कप्प्यांवरचे निळे ठिपके त्यांच्याकडे बघत आहेत असं वाटायचं. एका संध्याकाळी त्यांनी लाल पेन घेतलं आणि प्रत्येक निळ्या ठिपक्याशेजारी एक लाल ठिपका द्यायला घेतला. मालक म्हणाले, "अहो, मग दोन रंगांचा उपयोग काय?" काका म्हणाले, "किडनीचा पेशंट आला की प्रत्येक गोळीला विचारायचं. मला कळतं असं समजायचं नाही." 

गोळी बंद झाल्यावर नवव्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखे वाकले. "सहा वाजून वीस मिनिटांनी सुटणारी, पुलावरून जाणारी गाडी, फलाट क्रमांक दोनवर..."

"तीन."

काकांना वाटलं आपणच बोललो.

"पुलावरची तीनवर लागते," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. आवाज खरखरीत होता, घसा बसल्यासारखा. "दोनवर घाटातली. तुम्हाला काही कळत नाही."

काका मटकन पलंगाच्या कडेवर बसले. पासष्टीचा माणूस, तोंडाला पंचा लावून हुंदके देत होता, आणि बायको विचारत होती, काय झालं, कोण गेलं.

आठवड्याभरात त्या उशीला टेकून बसू लागल्या. स्वतःच्या हातानं जेवू लागल्या. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा तिकडं दहा मिनिटं नुसतं रडणंच चाललं होतं आणि इकडून "अगं, ऐक तरी, अगं, फोनचं बिल वाढतंय" असं खणखणीत ऐकू येत होतं. "मॅडमनी काय जादू केली बाई," त्या जो भेटेल त्याला सांगत. "औषध बदललं म्हणे."

इथं काकांना एक वाट होती. सिस्टर बोलल्या नव्हत्या, मॅडम बोलल्या नव्हत्या. बायकोला काही ठाऊक नव्हतं. गप्प बसलं असतं तर जन्मभर निभावलं असतं. तीन दिवस ते गप्प बसलेही. पण 'मॅडमनी जादू केली' हे ऐकलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सगळं सांगितलं. ठिपका, कात्री, पूर्ण गोळी, पाठ थोपटणं, सगळं. काही गाळलं नाही.

बाईंनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

अडीच तास त्या बोलल्या नाहीत. काका खुर्चीतून हलले नाहीत. चार महिने त्यांनी ही शांतता ऐकली होती, पण आजची वेगळी होती. आज बायको गप्प होती, पण जागी होती. रागावलेली होती. तेवढ्यानंही त्यांना बरं वाटत होतं आणि बरं वाटल्याची लाज वाटत होती.

साडेतीनला त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "नेमके किती दिवस?"

"एकशे अठरा."

"मोजलेत?"

"मोजले."

"मला ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या. "सगळं नाही. पण पोरगी फोनवर बोलायची ते ऐकू यायचं. तुम्ही रोज पुलावरची गाडी दोनवर लावायचात, ते ऐकू यायचं. तोंडाशी यायचं आणि परत जायचं. मला वाटायचं, आता हे असंच. हे चुकत राहणार आणि मी सांगू शकणार नाही."

 काका कसंबसं म्हणाले, "झालेल्या गैरसोयीबद्दल..." आणि पुढचं त्यांना म्हणता येईना. आयुष्यभर दारात उभं राहून म्हटलेलं वाक्य, पण ते आता इतकं अपुरं होतं की ओठातून बाहेरच पडेना.

बाई वळल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू त्यालाही चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. आणि पाहिलं नव्हतंच.

"आणखी किती आहेत हो आपल्याकडे?" त्यांनी विचारलं. "महिने?"

हा प्रश्न किडनीच्या पेशंटनं विचारला की काय सांगायचं ते काकांना काउंटरवर पाठ होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"ते कुठल्याच कागदावर छापलेलं नाही," ते म्हणाले. "मी शोधलं."

चार वाजत आले होते. जेवणाच्या सुट्टीनंतर चारला दुकान उघडायचं असायचं. काकांची नजर सवयीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि ती बाईंनी पकडली.

"बसा," त्या म्हणाल्या. "एकशे अठरा दिवसांचं बोलायचं राहिलंय. मालकांना फोन करा, आज यायला उशीर होईल म्हणावं."

काकांनी फोन हातात घेतला. "किती उशीर सांगू?"

बाईंनी उशी पाठीमागं नीट सरकवली, घसा साफ केला, आणि स्टँडवर लोक ज्या आवाजासाठी बोलणं थांबवायचे त्या आवाजात म्हणाल्या, "ते नंतर कळवण्यात येईल."